सणाच्या तोंडावरचे अपुरे घर : पाऊस, चुना आणि पंचांग

सण दाराशी आला तरी घराचे काम उरकलेले नसणे, एका भिंतीला रंग तर दुसरीला नुसता गिलावा असणे, सामानाचे ढीग माजघरात पडलेले असणे, ही अडचण सिमेंटच्या आणि कंत्राटदारांच्या काळात निर्माण झालेली नाही. महाराष्ट्रात ती माती, चुना आणि कौले यांच्या घराइतकीच जुनी आहे. तिचे मूळ घरमालकाच्या आळसात किंवा गवंड्याच्या चालढकलीत शोधण्याची सवय आजही टिकून आहे, परंतु तो दोष बहुतेक वेळा अन्यायाने दिला जातो. कारण पावसाचे वेळापत्रक सूर्याच्या गतीने चालते, सणांचे चंद्राच्या तिथींनी ठरते आणि चुना वाळण्याचा वेग या दोहोंपैकी कोणाचेच ऐकत नाही.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी तितके अलीकडे सरकतात आणि सुमारे तेहतीस महिन्यांनी येणारा अधिक मास, म्हणजे हा फरक भरून काढण्यासाठी पंचांगात घातलेला जादा महिना, त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. त्यामुळे लक्ष्मीपूजन २०१७ मध्ये १९ ऑक्टोबरला आले, तर २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारून ८ ऑक्टोबर अशी धरली आहे. या तारखेपासून मोजले, तर ओल सुकवून भिंती रंगवायला एखाद्या वर्षी जेमतेम दीड आठवडा मिळतो आणि एखाद्या वर्षी पाच आठवडे. जुन्या गृहिणीला हे आकडे ठाऊक नसले, तरी ‘यंदा दिवाळी लवकर आहे’ या वाक्यात तिचा सगळा हिशेब सामावलेला असे.

कोकणात ही कोंडी आणखी घट्ट होती. तेथील सर्वांत मोठा घरगुती सण गणेशचतुर्थी. ती भाद्रपदात, म्हणजे पाऊस पुरता ओसरलेला नसताना येते, आणि त्या दिवसांत बाहेरच्या भिंतीला हात लावणे शक्यच नसते. म्हणून छपराचे काम वैशाखातच काढले जाई. गवती छप्पर नव्याने शाकारणे, किंवा नळीची कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून पुन्हा रचणे, हे काम मृगाचा पाऊस पडण्याआधी संपवावेच लागे. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथील सपाट, एकमेकांत अडकणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली, तेव्हा या वार्षिक उस्तवारीचा भार पुष्कळ हलका झाला. छप्पर झाले तरी भिंती मात्र उरतच, आणि त्यावर कोकणी घराने काढलेला मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे: सगळे घर रंगवण्याचा हट्ट सोडून गणपती बसायची तेवढीच भिंत नव्याने सारवून किंवा रंगवून, तिच्यावर चित्रे काढून सजवली जाई आणि मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला फळे, रानफुले आणि वेली बांधल्या जात. या चौकटीला माटवी आणि गोव्यात माटोळी म्हणतात. तिच्यापलीकडची भिंत ओली आहे की पोपडे सुटलेली, याचा जाब पाहुणे विचारत नसत.

देशावरच्या दिवाळीत कामाला होणारा उशीर मुख्यतः चुन्यामुळे होई. चुनखडी, आणि किनाऱ्यावर शिंपले, भट्टीत भाजून जो कळीचा चुना मिळे, तो पाण्यात टाकून विरवावा लागे. पाणी पडताच तो उकळू लागतो, फुटतो आणि वाफा सोडतो, म्हणून हे काम मुलांना दूर ठेवून केले जाई. निवलेला चुना फडक्यातून गाळून, त्यात चिकटपणासाठी सरस किंवा डिंक आणि पिवळट झाक घालवण्यासाठी किंचित नीळ मिसळून, कुंच्याने पातळ हात दिले जात. पहिला हात ओला असताना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही. ती नुसती भिजल्यासारखी करडी राहते आणि काही तासांनी, हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होऊ लागले, की पांढरेपणा हळूहळू वर येतो. नवखा माणूस मधल्या वेळात घाई करून दुसरा जाड हात चढवतो आणि तो पुढे पापुद्रे होऊन गळतो. दिवाळी लवकर आलेल्या वर्षी हीच घाई घरोघर होत असणार, हे चुन्याच्या स्वभावावरूनच सांगता येते.

जमिनीचे काम त्याहून सोपे होते, पण ते शेवटीच करावे लागे. पावसाने उखणलेले अंगण नवी माती घालून, पाणी शिंपडून लाकडी चोपण्याने ठोकले जाई व शेणाने सारवले जाई. वसुबारसेला गाईवासराची पूजा असल्याने गोठा आधी, मग चूल आणि देवघर, मग उंबरठा व अंगण, असा क्रम सणाच्या तिथींनीच सुचवला होता. माडी, कोठीची खोली आणि मागचा सोपा राहिले तर राहिले. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्रीनंतर सूप वाजवीत, केर काढून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची प्रथाही याच संदर्भात पाहिली पाहिजे, कारण पूजा झाल्यावरही झाडण्याजोगे काही शिल्लक असते, हे ती गृहीतच धरते.

घर नीटनेटके करण्याचा हा घरगुती उद्योग १८९६ मध्ये मुंबईत एकाएकी सरकारी सक्तीचा विषय झाला. त्या वर्षीच्या २३ सप्टेंबरला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि दिवाळी आली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. एरवी ज्या दिवसांत कुटुंबे स्वतः कुंचा हाती घेत, त्याच सुमारास नगरपालिकेची माणसे घरात शिरून जंतुनाशके फवारू लागली, चुना फासू लागली आणि उजेडासाठी छपरे उघडी करू लागली. जो चुना मंगलाचा होता, तो रोगी घराची खूण ठरला. दुसऱ्या वर्षी पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या कारकिर्दीत घरझडतीने जो संताप उसळला, त्याची कारणे अनेक होती. पण देवघर आणि स्वयंपाकघर यांना परक्याचा हात लागणे हे त्यांतले मोठे कारण होते.

विसाव्या शतकात दुरुस्ती घरच्यांच्या हातून जवळजवळ निसटली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, तेव्हा चाळमालकांनी खर्च थांबवला आणि भाडेकरू आपापल्या खोलीला आतून रंग देत राहिले, तर जिने, गॅलऱ्या आणि तुळया कुजत गेल्या. अखेर १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. तेव्हापासून दुरुस्तीतल्या इमारतींच्या परांचीला, म्हणजे बांबूच्या पहाडाला, आकाशकंदील बांधलेले दिसू लागले आणि घर मोकळे करून दिलेल्या हजारो कुटुंबांची दिवाळी संक्रमण शिबिरात होऊ लागली. तात्पुरती म्हणून बांधलेल्या या शिबिरांत अनेकांची कित्येक वर्षे गेली. पाऊस आणि पंचांग यांनी घातलेली मुदत निदान दरवर्षी संपत असे. प्रशासनाने घातलेल्या मुदतीला शेवट राहिला नाही, आणि ही तुलना जुन्या व्यवस्थेच्या बाजूने जाते.

गावाकडच्या मातीच्या आणि चुन्याच्या घरांवर सणाआधी घाईने सिमेंटचा गिलावा चढवण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे आतली माती फुगते आणि काही पावसाळ्यांतच गिलावा सुटून भिंतीचे नुकसान होते. अशी घरे ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी छपराचे काम वैशाखात आणि भिंतीचे काम पाऊस ओसरल्यावर चुन्यानेच करावे, आणि दिवाळीला एखादी खोली राहिलीच, तर ती तशीच राहू द्यावी.