थांबलेल्या कामाचा रकाना

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत 'बॅकलॉग' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जायचा. अमक्याचे तीन बॅकलॉग आहेत म्हणजे त्याचं कॅम्पस प्लेसमेंट गेल्यातच जमा. पुढे पुण्यात नोकरी लागली आणि तोच शब्द रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे बिनधास्त वापरताना दिसले. बॅकलॉग लावायचा, बॅकलॉग उपसायचा, बॅकलॉगमधून काम उचलायचं. मराठीत याला आपण अनुशेष म्हणतो, आणि महाराष्ट्रात हा शब्द नुसता हिशोबाचा राहिलेला नाही. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली गेली. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावरची भांडणं आजही चालू आहेत. अनुशेष म्हटलं की पाठोपाठ प्रश्न येतोच : कोणामुळे?

इंग्रजीत मात्र या शब्दाचा जन्म बराच ऊबदार आहे. घरातल्या शेकोटीत अगदी मागच्या बाजूला जो जाड ओंडका ठेवत, तो बॅकलॉग. तो सावकाश जळे आणि पुढची लाकडं संपली तरी विस्तव धरून ठेवी. त्यावरून 'हाताशी असलेला साठा' असा अर्थ आला, मग कारखान्याच्या भाषेत 'हातात असलेल्या ऑर्डरी', आणि शेवटी 'तुंबलेलं काम'. साठ्याचं ओझं झालं.

आमच्या टीमचं काम नोंदवायचं टूल लावून देणं हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे. कामाचे प्रकार किती, प्रत्येक प्रकाराच्या पायऱ्या कोणत्या, कोणत्या पायरीवरून काम कुठे जाऊ शकतं, बोर्डावर रकाने किती, हे मी त्यात भरते. ऐकायला हे कारकुनी वाटतं. पण ही पद्धत आली कुठून हे बघत मागे गेले, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच प्रश्न समोर आला. काम थांबलंय हे कोणाला दिसतं, आणि दिसलं तर दोष कोणाच्या नावावर चढतो?

सुरुवात जपानपासून करावी लागते. टोयोटाच्या मशीन शॉपमध्ये ताइची ओनो यांनी १९५३च्या सुमारास 'कानबान' वापरायला घेतलं. कानबान म्हणजे पाटी. कल्पना अमेरिकी सुपरमार्केटवरून सुचलेली : गिऱ्हाईक फळीवरून जेवढा माल उचलेल तेवढाच पुन्हा भरायचा. पुढच्या खात्याने भाग उचलला की त्यावरचं कार्ड मागच्या खात्याकडे जाई, आणि कार्ड आल्याशिवाय मागच्या खात्याने नवा भाग बनवायचा नाही. म्हणजे कारखान्यात जितकी कार्डं, तितकंच अर्धवट काम. कार्डाचं मुख्य काम नोंद ठेवणं हे नव्हतंच. ते काम सुरू करण्याचा परवाना होतं, आणि परवाने मोजके होते. कुठे काही अडलं तर मागचे सगळे थांबत, आणि अडलेली जागा सगळ्यांच्या नजरेत येई.

सॉफ्टवेअरमध्ये कार्डं आली ती वेगळ्या दाराने. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रोग्रामची रचना शिकवण्यासाठी साधी इंडेक्स कार्डं वापरत. १९९६मध्ये बेक क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर गेले. तिथून 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग' घडलं आणि ग्राहकाची प्रत्येक मागणी एकेका कार्डावर लिहायची रीत पडली. त्याच प्रकल्पावरचे रॉन जेफ्रीज यांनी पुढे या रीतीची तीन अंगं सांगितली : कार्ड, संभाषण आणि खातरजमा. कार्डावर जागा मुद्दाम कमी असते. उरलेलं समोरासमोर बोलायचं.

दरम्यान ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला होता. नवी उत्पादनं घडवणाऱ्या चांगल्या टीम रिले शर्यतीसारखी काठी पुढे देत नाहीत, त्या रग्बीसारख्या एकत्र पुढे सरकतात, असं त्यांचं म्हणणं. रग्बीतलाच 'स्क्रम' हा शब्द जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी उचलला आणि १९९५च्या ऊप्सला परिषदेत आपली पद्धत मांडली. 'प्रॉडक्ट बॅकलॉग' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी रुळवला तो स्क्रमनेच. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे सतराजण जमले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा काढला. त्यातलं पहिलंच मूल्य असं की प्रक्रिया आणि साधनं यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोलाचं. आज अजाइलच्या नावावर सर्वाधिक विकली जातात ती साधनंच, हा भाग वेगळा.

ही साधनं कार्डाच्या घराण्यातली नाहीत. त्यांचं मूळ चुकांच्या खातेवहीत आहे. नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला त्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, टेरी वाईसमन यांनी मोझिलासाठी 'बगझिला' लिहिलं. त्यात बगचा प्रवास आखून दिलेला होता : खात्री न झालेला, नवा, कोणाला तरी नेमून दिलेला, सोडवलेला, तपासलेला, बंद, आणि पुन्हा डोकं वर काढलं तर 'पुन्हा उघडलेला'. जगभरचे अनोळखी लोक एकाच कोडवर काम करत असताना अशी शिस्त लागणारच होती. पण हा प्रवास प्रोग्रामच्या आतच पक्का बसवलेला होता. आपल्याला हव्या तशा पायऱ्या ठरवण्याची सोय बगझिलात अधिकृतपणे आली ती २००८च्या ३.२ आवृत्तीत.

तोवर दुसऱ्यांनी ती गरज हेरली होती. सिडनीच्या अटलासियन कंपनीने २००२मध्ये 'जिरा' काढलं. नाव बगझिलाच्या वळणावरच गेलं. गॉडझिलाला जपानीत 'गोजिरा' म्हणतात, त्यातला 'गो' उडवला. ज्याने त्याने आपापल्या पायऱ्या आखाव्यात, हे जिराचं मोठं आकर्षण ठरलं. पुढे 'ग्रीनहॉपर' नावाचं एक प्लगइन त्यावर कार्डांचा बोर्ड दाखवू लागलं आणि २००९मध्ये अटलासियनने तेच विकत घेतलं. अशी दोन घराणी एकत्र आली. दर्शनी भागात ओनोंची आणि बेक यांची कार्डं, आत चुकांची खातेवही. कार्ड फाडून टाकता येतं. खातेवहीत जे चढलं ते राहतं, तारखेसकट आणि नावासकट.

या इतिहासातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं प्रकरण आपल्या शेजारी, हैदराबादेत घडलं.

२००४ साली मायक्रोसॉफ्टच्या आयटी विभागाची 'एक्सआयटी' नावाची एक टीम होती. कंपनीच्या अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरची देखभाल, दुरुस्त्या आणि छोटे बदल हे तिचं काम. मागण्या करणारे मॅनेजर अमेरिकेत, रेडमंडला. काम करणारे हैदराबादेत, एका पुरवठादार कंपनीचे : तीन डेव्हलपर, तीन टेस्टर आणि एक स्थानिक मॅनेजर. ऐंशीहून अधिक मागण्या रांगेत होत्या आणि रांग वाढतच होती. एखादी मागणी पूर्ण व्हायला साधारण पाच महिने लागत. त्या विभागात या टीमइतकं वाईट नाव दुसऱ्या कोणत्याच टीमचं नव्हतं.

आपल्याकडचं कोणीही पुढचं संभाषण डोळे मिटून लिहू शकेल. तिकडचे लोक संथ आहेत, त्यांना प्रक्रिया कळत नाही, जास्त लक्ष ठेवायला हवं. गंमत म्हणजे ही पुरवठादार कंपनी सीएमएमआयच्या पाचव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीची होती. प्रक्रियेची उणीव नव्हतीच.

ड्रॅगोस दुमित्रिउ या मॅनेजरने ही टीम हाती घेतली आणि डेव्हिड अँडरसन यांचा सल्ला घेतला. दोघांनी कामाचा प्रवास नीट पाहिला. नवी मागणी आली की तिला किती वेळ लागेल याचा अंदाज ४८ तासांत द्यायचा, असा नियम होता. त्यासाठी डेव्हलपर आणि टेस्टर हातातलं काम बाजूला ठेवत. टीमच्या एकूण वेळातला सुमारे एक तृतीयांश भाग या अंदाजांतच जाई, आणि अंदाज काढलेल्या कित्येक मागण्या पुढे कोणी करायलाच सांगत नसे. पाच महिन्यांत कामाला प्रत्यक्ष हात लागण्याचे दिवस थोडे. बाकी सगळी रांग.

उपाय असा झाला की अंदाज काढणं बंद केलं. रांगेतून एका वेळी मोजकीच कामं टीमच्या हातात द्यायची. एखादं पूर्ण होऊन जागा रिकामी झाली की पुढचं कोणतं घ्यायचं ते मागणी करणाऱ्यांनी आपसात ठरवायचं. ओनोंचा परवाना इथे आला, पण भिंतीवर एकही कार्ड नव्हतं. दोन देशांत विभागलेल्या टीमसाठी सगळं मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत नोंदणी टूलमध्येच चाललं. काम कुठे थांबतं हे दिसू लागल्यावर डेव्हलपर आणि टेस्टर यांचं प्रमाणही बदललं. मागणी पूर्ण व्हायचा काळ पाच महिन्यांवरून सुमारे दोन आठवड्यांवर आला. दुमित्रिउ आणि अँडरसन यांनी २००५मध्ये यावर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'सर्वांत वाईट ते सर्वोत्तम' असे शब्द आहेत. पुढे सॉफ्टवेअरमध्ये 'कानबान पद्धत' म्हणून जे जगभर पसरलं, त्याची सुरुवात अँडरसन याच प्रकरणापासून सांगतात.

कामाला लागणारे हात तेच होते, कोड तोच होता. एक पायरी काढली आणि रांग जिथे होती तिथे दाखवली.

याच सुमारास मायक्रोसॉफ्टचं 'टीम फाउंडेशन सर्व्हर' बाजारात येत होतं, आणि त्यातला सीएमएमआयचा साचा लिहिणारेही अँडरसनच. कामाच्या प्रत्येक प्रकाराची व्याख्या एक्सएमएल फाइलमध्ये असे : पायऱ्या कोणत्या, कोणतीवरून कोणतीवर जाता येतं, जाताना कारण काय नोंदवायचं. बदल करायचा तर ती फाइल बाहेर काढायची, हाताने दुरुस्त करायची आणि पुन्हा आत चढवायची. हे इतकं कटकटीचं होतं की नवी पायरी घालण्याआधी माणूस दोनदा विचार करी. नंतर वेबवर बोर्ड आले, २०१८मध्ये याच कुळातल्या ऑनलाइन सेवेचं नाव 'अझ्युअर डेव्हऑप्स' झालं, आणि आता चार क्लिकमध्ये नवी पायरी तयार होते. मग पायऱ्या वाढत जातात. मी पाहिलेल्या बहुतेक जादा पायऱ्यांमागे एक जुना वाद असतो. कधी तरी कोणी तरी विचारलेलं असतं, 'हे मला न दाखवता पुढे कसं गेलं?' दुसऱ्या दिवशी 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' नावाचा रकाना उभा. सरकारी फाइलीवरचा 'विचाराधीन' हा शेरा आणि हा रकाना, दोघे सख्खे भाऊ.

पण प्रत्येक नवा रकाना वाईट असतो असंही नाही. या टूलमध्ये प्रत्येक पायरी एका वर्गात टाकावी लागते : प्रस्तावित, सुरू, सोडवलेलं, पूर्ण, रद्द. काम पहिल्यांदा 'सुरू' वर्गात शिरलं की घड्याळ चालू होतं आणि 'पूर्ण'मध्ये गेलं की थांबतं. मधल्या काळात ते कोणाच्या टेबलावर होतं हे घड्याळाला ठाऊक नसतं. माझ्या एका आधीच्या टीममधल्या मुलीचं एक काम दोन दिवसांचं होतं. ग्राहकाकडून नमुना डेटा यायला तीन आठवडे लागले. अहवालात तिच्या नावापुढे दिसले तेवीस दिवस, आणि वार्षिक मूल्यमापनाच्या मीटिंगमध्ये समोर तोच अहवाल होता. 'ग्राहकाच्या उत्तराची वाट' असा वेगळा रकाना ठेवा, असं टीमने आधीच सुचवलेलं. उत्तर मिळालं होतं की ग्राहकही बोर्ड बघतो, बरं दिसणार नाही.

रकाना नसल्यामुळे थांबणं नाहीसं झालं नाही. ते फक्त तिच्या नावावर गेलं. मला वाटतं, हैदराबादच्या त्या सहा जणांच्या बाबतीत नेमकं हेच होत होतं. मागणी करणारा एका खंडात आणि काम करणारा दुसऱ्या, अशा धंद्यात आपण पिढ्यानुपिढ्या आहोत. मधली रांग अदृश्य असेल तर उशीर नेहमी दूरच्या टोकाला बसलेल्या माणसाचा ठरतो.

म्हणून कोणी नवी पायरी मागायला आलं की मी आता दोनच प्रश्न विचारते. या पायरीवर काम पुढे सरकतं की थांबतं? आणि थांबत असेल तर कोणासाठी? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर रकान्याला मी तेच नाव देते : 'ग्राहकाच्या उत्तराची वाट', 'मॅनेजरच्या सहीची वाट'. आणि त्यात एका वेळी किती कामं राहू शकतात याचा आकडा टाकते. उत्तर मिळालं नाही, तर पायरी घालत नाही. नावासकट रकाने लागल्यावर एक-दोन सह्या आपोआप लवकर होऊ लागल्या आहेत. एक रकाना तर महिनाभर रिकामाच राहिला. तो मी गेल्या आठवड्यात काढून टाकला, आणि त्याची आठवण अजून तरी कोणाला झालेली नाही.