नियमाचा वाचक कोण?

रुग्णालयातील कचऱ्याचा विषय निघाला, की ‘कर्मचाऱ्यांमध्ये जाणीव नाही’ हे वाक्य हमखास उच्चारले जाते. ही जाणीव घडावी कशातून, हा प्रश्न मात्र मागे पडतो. आम्ही साहित्याचे अध्यापक. कोणतीही संहिता हाती आली, की ती कोणासाठी लिहिली आहे, असे प्रथम विचारण्याची आम्हाला सवय आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भारतीय नियमांनाही हा प्रश्न विचारून पाहावा, असे आम्हाला वाटते.

१ मार्च १९९६ रोजी बी. एल. वढेरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कचऱ्यासंबंधी निकाल दिला. ५० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी कचरा जाळण्याची भट्टी अथवा तत्सम व्यवस्था उभारावी, असा आदेश त्यात होता. तेव्हा लक्ष यंत्राकडे होते. त्या यंत्रापर्यंत पिशवी वाहून नेणाऱ्या हातांचा विचार अजून व्हायचा होता.

पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये जुलै १९९८ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांत कचऱ्याचे १० वर्ग आणि पिशव्यांचे चार रंग होते. रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या हा सहावा वर्ग. तो पिवळ्या रंगाखाली होता आणि लाल रंगाखालीही. पुढे कोणती प्रक्रिया करायची, त्यावरून रंग ठरे. म्हणजे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात कामाला गेलेल्या वॉर्डातल्या मावशींसाठी त्याच पट्टीचा रंग बदलू शकत होता. या संहितेचा वाचक प्रशासक होता; कचरा उचलणारी व्यक्ती नव्हती.

नियम असूनही काय घडू शकते, हे २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे दिसले. तेथे ‘हेपटायटिस बी’ची साथ पसरली, अनेक रुग्ण दगावले आणि वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे समोर आले. कचरा म्हणून नष्ट व्हायला हवी होती, ती वस्तू पुन्हा माणसाच्या शरीरात शिरली.

२८ मार्च २०१६ च्या नियमांनी वर्ग चारवर आणले. सुया आणि पाती पांढऱ्या डब्यात. नळ्या, सलाइनच्या बाटल्या असे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. आणि शरीराचे अवयव, माखलेला कापूस, मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. हातातली वस्तू पाहून रंग ओळखता यावा, अशी ही मांडणी आहे. कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, तसेच ‘हेपटायटिस बी’ आणि धनुर्वात यांवरील लसीकरण, ही रुग्णालयाची कर्तव्ये ठरली. ती केवळ डॉक्टर-परिचारिकांपुरती नाहीत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी आहेत.

या बदलाचे मोल वॉर्डात कळते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना ती बोटात शिरते; पिशवीत चुकून पडलेली सुई सफाई कामगाराच्या तळव्यात घुसते. लस न घेतलेल्या व्यक्तीला अशा टोचण्यातून ‘हेपटायटिस बी’ होण्याचा संभव एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

म्हणून अजाणतेपणाचा ठपका ठेवण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. भिंतीवरचा तक्ता कोणत्या भाषेत आहे? कंत्राटी कामगाराला प्रशिक्षणाला बोलावले होते का? त्याला लस मिळाली का? संहितेने १८ वर्षांनी आपला वाचक ओळखला. ती त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे रुग्णालयाचे काम आहे.