वतन नव्हे, मुदतीचा पट्टा : आयपी पत्त्यांच्या स्वयंचलित वाटपाची कहाणी

१/ कार्यालयात वा वाचनालयात आपला फोन वाय-फायला जोडला जातो आणि निमिषार्धात त्याला आयपी पत्ता मिळतो. तो कोणी दिला, किती काळासाठी दिला, आपण निघून गेल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न सहसा मनातही येत नाहीत. या व्यवस्थेचे नाव डीएचसीपी. हा धागा तिच्या घडणीचा.

२/ आरंभी पत्ते हातानेच दिले जात. अर्पानेट या अमेरिकी संशोधन-जाळ्यावर यंत्रे मोजकी होती. क्रमांकांच्या वाटपाची नोंद जॉन पोस्टेल ठेवीत. यंत्रांची नावे व पत्ते यांची यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट सांभाळी. पत्ता म्हणजे जणू वतनच : एकदा दिला की कायमचा.

३/ १९८० च्या दशकात विद्यापीठांत इथरनेट पसरले. डिस्क महाग, म्हणून डिस्क नसलेले संगणक वापरात आले. असे यंत्र सुरू होताना त्याला एकच गोष्ट ठाऊक असे : कारखान्यातच नेमून दिलेला ४८ बिटांचा हार्डवेअर क्रमांक. स्वतःचा आयपी पत्ता साठवून ठेवण्यास त्याच्यापाशी जागाच नव्हती.

४/ पहिला उपाय जून १९८४ मध्ये आला. स्टॅनफर्डच्या चौघा संशोधकांनी ‘रार्प’ हा प्रोटोकॉल मांडला. यंत्राने जाळ्यावर पुकारा करायचा : माझा हार्डवेअर क्रमांक हा, तर माझा पत्ता कोणता? परंतु हा पुकारा राउटर ओलांडून पलीकडे जात नसे. त्यामुळे जाळ्याच्या प्रत्येक तुकड्यावर उत्तर देणारा सर्व्हर बसवावा लागे. आणि उत्तरात पत्त्यावाचून दुसरे काहीच नसे.

५/ सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ आणला. ज्याला पत्ताच नाही, त्याने पत्र लिहावे कसे? यंत्राने प्रेषक म्हणून ०.०.०.० लिहावे आणि २५५.२५५.२५५.२५५ या ‘सर्वांस’ असलेल्या पत्त्यावर विनंती धाडावी, असे ठरले. मधला मध्यस्थ ती दुसऱ्या जाळ्यावरील सर्व्हरकडे पोहोचवी. उत्तरात पत्त्यासोबत, चालू होण्यासाठी कोणती फाइल कोठून आणावी, हेही कळे.

६/ येथे एक गैरसमज दूर करावा लागेल. ‘यंत्राने आपला पत्ता आपणच मागून घेणे’ ही डीएचसीपीची देणगी नव्हे. ते बूटपीपर्यंत साधले होते. हाताचे काम उरले होते ते सर्व्हरच्या बाजूस. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, याची यादी प्रशासक स्वतः लिही. यंत्र भंगारात गेले तरी, कोणी खोडेपर्यंत, त्याचा पत्ता यादीत अडकून राही.

७/ मग लॅपटॉप आले. आज या इमारतीत, उद्या त्या. समजा, एका जाळ्यात २५४ पत्ते आहेत आणि लॅपटॉप ४००. सारे एकाच वेळी कधीच हजर नसतात. तरीही वतनाच्या पद्धतीने १४६ जण कायमचे वंचित राहणार.

८/ इंटरनेटचे मानदंड ठरविणाऱ्या आयईटीएफच्या एका कार्यगटाने हा प्रश्न हाती घेतला. मसुद्याचे लेखक होते पेनसिल्व्हेनियातील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रॉम्स. ऑक्टोबर १९९३ मध्ये आरएफसी १५३१ प्रसिद्ध झाला. संपादनात चुका शिरल्याने त्याच महिन्यात आरएफसी १५४१ काढावा लागला. मार्च १९९७ चा आरएफसी २१३१ हा आजही या व्यवस्थेचा पाया आहे.

९/ त्यात वाटपाचे तीन प्रकार सांगितले : प्रशासकाने नेमून दिलेला पत्ता, सर्व्हरने कायमचा दिलेला पत्ता, आणि मुदतीने दिलेला पत्ता. खरे नावीन्य या तिसऱ्या प्रकारात होते. पत्ता आता वतन उरला नाही, भाडेपट्टा झाला.

१०/ समजा, पट्टा ८ दिवसांचा आहे. निम्मी मुदत सरल्यावर, म्हणजे ४ दिवसांनी, यंत्र त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागते. उत्तर न आल्यास ७ दिवसांनंतर कोणत्याही सर्व्हरला विचारते. ८ दिवस पूर्ण होऊनही नूतनीकरण झाले नाही, तर पत्ता सोडून देणे बंधनकारक.

११/ मुदत का हवी? कारण यंत्रे निरोप घेऊन जात नाहीत. वीज जाते, लॅपटॉप मिटून पिशवीत जातो. ‘पत्ता परत केला’ असा संदेश डीएचसीपीत आहे. पण तो येईलच याचा भरवसा नाही. मुदत असली की मौनालाही अर्थ येतो : ठरल्या वेळेत कोणी काही बोलले नाही, तर जागा रिकामी धरावी.

१२/ नव्याने जुन्याला मोडले नाही, हेही महत्त्वाचे. संदेशाचा साचा बूटपीचाच ठेवला, म्हणून जुने मध्यस्थ चालू राहिले. आजच्या फोनच्या विनंतीतही फाइलच्या नावासाठी १२८ बाइटांची जागा असते. डिस्क नसलेल्या त्या संगणकांची ही खूण. बहुधा रिकामीच जाते.

१३/ प्रसार वेगाने झाला. १९९४ च्या विंडोज एनटी ३.५ मध्ये डीएचसीपी सर्व्हर आला, पुढच्याच वर्षी विंडोज ९५ मुळे पत्ता मागण्याची सोय घरोघरच्या संगणकांत पोहोचली. टेड लेमन यांनी लिहिलेला आयएससीचा मुक्त सर्व्हर २०२२ पर्यंत सांभाळला गेला.

१४/ या सोयीची किंमतही आहे. नवागत यंत्र उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवते. कोणी तोतया सर्व्हर उभा करून त्यास भलत्याच वाटेने नेऊ शकतो. ही व्यवस्था असुरक्षित असल्याची कबुली आरएफसी २१३१ मध्येच आहे. २००१ मध्ये ओळख पटविण्याची रीत मांडली गेली, पण ती फारशी रुजली नाही. आज पहारा बहुधा जाळ्यातील स्विचवर असतो.

१५/ दुसरी किंमत अधिक गंभीर. पत्ता फिरता झाल्यावर ‘अमुक पत्ता म्हणजे अमुक यंत्र’ हे विधान वेळेवाचून निरर्थक ठरते. एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या सर्ट-इनने संस्थांना नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले. त्याच आदेशात संगणकांची घड्याळे राष्ट्रीय कालमापनाशी जुळविण्याचीही सक्ती आहे. घड्याळ काही मिनिटे चुकले, तर बोट आधीच्या पट्टेदाराकडे जाऊ शकते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तर फोन वाय-फायवर हार्डवेअर क्रमांकही कृत्रिम सांगू लागले आहेत.

१६/ म्हणून एखाद्या आयपी पत्त्यावरून कोणी माणसावर ठपका ठेवू लागला, तर पहिला प्रश्न असावा : किती वाजता? आणि दुसरा : ते घड्याळ बरोबर होते का?
(समाप्त)