तीन आवाजांची बांधणी



ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभा भरविण्यात गेले त्याने युरोपच्या जुन्या संगीतावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मलाही ते कित्येक वर्षे सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यातले म्हणून परके वाटे. माझा हा ग्रह एका कैदेच्या हकिकतीने मोडला.

योहान सेबास्टियन बाख हा वायमारच्या ड्यूकचा पगारी वादक. १७१७ साली त्याला कोथेनच्या दरबारात वरची जागा मिळाली. त्याने मोकळीक मागितली आणि ती मिळेना तरी मागणी सोडली नाही. तेव्हा ड्यूकने ६ नोव्हेंबरला त्याला अटकेत टाकले आणि २ डिसेंबरला बडतर्फ करून सोडले. नोकरी सोडायची म्हणून कैद! पुढे कोथेनला, १७२२ मध्ये, त्याने शिकणाऱ्या तरुणांसाठी चोवीस प्रिल्यूड आणि चोवीस फ्यूग यांची वही सिद्ध केली. तीतला दुसरा, सी मायनरमधला फ्यूग आज उलगडून पाहू.

फ्यूग म्हणजे पाठलाग. भांडवल थोडके: चार ठोक्यांचे एक माप, तशा दोन मापांचा एक चरण. सीला षड्ज धरले तर त्याचे तोंड असे: सा, नी, सा, मग खालचा पंचम आणि कोमल धैवत. (चरणाचे स्वर किरवाणीचे आहेत, पण येथे रागविस्तार शोधू नये.) प्रथम मधला आवाज हा चरण एकट्याने म्हणतो. साथ नाही, ठेका नाही. तो संपताच वरचा आवाज तोच चरण पंचमापासून म्हणू लागतो. याला उत्तर म्हणतात, आणि सारी खुबी या उत्तरात आहे. हुबेहूब नक्कल करायची तर प, तीव्र म, प यांनंतर ऋषभावर उतरायला हवे. बाख षड्जावर उतरतो. एका स्वराची ही तडजोड केल्याने मूळ पट्टीशी नाते तुटत नाही. मागणी तीच ठेवून एक शब्द बदलणे म्हणजे काय, हे वाटाघाटीला बसलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या सभेत दुसरा उठला की पहिल्याला खाली बसवावे लागते. येथे पहिला बसत नाही. झरझर उतरणारी वेगळीच ओळ घेऊन तो बोलत राहतो. दोन मापांचा सांधा जातो आणि सातव्या मापात खालचा आवाज चरण घेऊन येतो. आता तिघेही बोलतात, तरी तिघांचेही ऐकू येते; कारण या ओळी अशा बेतल्या आहेत की वरची खाली आणि खालची वर नेली तरी त्या भांडत नाहीत. भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात तेव्हा एक पुढे आणि बाकीचे मागे असतात. येथे मागे कोणीच नाही. आणि हे सारे एका माणसाच्या दहा बोटांनी!

पुढचे थोडक्यात सांगतो. चरणाचे तोंड तोडून आवाज ते एकमेकांकडे फेकतात, त्या पायऱ्यांवरून दुसऱ्या पट्टीत जातात. अकराव्या मापात तोच उदास चरण मेजरमध्ये उजळून निघतो. एकतीस मापांत तो आठदा येतो. अखेरीस खालचा आवाज षड्ज धरून उभा राहतो, वरचा चरण म्हणतो आणि त्यातला कोमल गंधार शेवटच्या स्वरमेळात शुद्ध होतो.

बाख १७५० मध्ये वारला. तोवर ही वही छापली गेली नव्हती. शिष्य हाताने नकला करीत. छापखाना तिला १८०१ मध्ये मिळाला.