महागाई व घरचे धान्य

महागाईचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची दृष्टी बहुधा बाजाराकडे, खजिन्याकडे किंवा युद्धाकडे जाते. स्वयंपाकघराकडे ती क्वचितच वळते. याचे कारण उघड आहे. बाजारभाव व्यापाऱ्याच्या वहीत सापडतात, वसुलाचे आकडे दप्तरात सापडतात. परंतु आषाढ लागला तेव्हा कणगीच्या तळाशी किती ज्वारी उरली होती व ती किती तोंडांस पुरवावयाची होती, हा हिशेब गृहिणीच्या मनात राही आणि तिच्याबरोबरच नाहीसा होई. भाववाढीचा खरा घाव मात्र बसतो तो तेथेच. महागाई आली की त्याच गृहिणीस काटकसरीचा उपदेश करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तो उपदेश कितपत सार्थ आहे, काटकसर करावयाची ती कशातून आणि कोणाच्या वाट्यातून, याचा विचार एका जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे करण्याचे आम्ही योजिले आहे. तो जिल्हा धाराशिवचा. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून हा बराच काळ उस्मानाबाद म्हणून ओळखला जात असे. २०२३ साली त्यास धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले.

हा प्रदेश बालाघाटच्या डोंगरपठाराचा व पर्जन्यछायेचा. येथे पाऊस बेभरवशाचा; पण काळी जमीन ओल धरून ठेवणारी असल्यामुळे रब्बीची ज्वारी येथील मुख्य अन्न ठरली. चांगल्या सालात घरास पुरून उरेल इतके धान्य यावे आणि पुढची दोन साले कोरडी जावीत, असा अनुभव ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या आला, त्यांनी साठवणीची विद्या हस्तगत केली यात नवल नाही. कणगी, वाड्याच्या भिंतीतील बळद आणि जमिनीखालचे पेव ही त्या विद्येची साधने होत. पेवाचे तोंड अरुंद व पोट रुंद असे. घट्ट मुरमाची जागा पाहून ते खणीत, आतून कडब्याचे किंवा भुसाचे अस्तर देत, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकीत. कडेच्या दाण्यास वास लागे. मधला दाणा वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर आतील कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे, कारण ती माणसाचा जीव घेई. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला म्हणजे आपण अजूनही ‘पेव फुटले’ असे म्हणतो. भाषेत हा वाक्प्रचार राहिला. गावातील पेवे मात्र बहुतेक बुजून गेली.

पेवाचे महत्त्व केवळ साठवणीचे नव्हते. ज्याच्या घरी दोन वर्षांची ज्वारी आहे त्यास बाजारभावाशी फारसे कर्तव्य नसते. धारण चढो वा उतरो, त्याची भाकरी तेवढीच राहते. बलुत्याच्या पद्धतीतही अंशतः हाच गुण होता. सुतार, लोहार, कुंभार यांस खळ्यावर धान्य मिळे. रुपयाची किंमत घसरली तरी पायलीची पायली कायम राही. ही पद्धत जातीच्या जोखडाशी बांधलेली होती व त्या जोखडाखाली कित्येकांच्या वाट्यास धान्याबरोबर अपमानही येत असे, हे विसरून तिचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. आम्हांस सांगावयाचे ते इतकेच की मोबदला धान्यात मिळणारा मनुष्य आणि रोख पैशात मिळणारा मनुष्य यांच्यावर महागाईचा परिणाम सारखा होत नाही.

आता याची दुसरी बाजू पाहू. पेव सर्वांच्या घरी नसे. ज्यांच्याकडे ते नसे त्यांस पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावे लागे आणि तेथे सवाई-दिढीचा व्यवहार चाले. आषाढात चार पायल्या नेल्या तर सुगीस सवाईने पाच व दिढीने सहा पायल्या परत कराव्या लागत. सुगीत ज्वारी स्वस्त व आषाढात महाग असल्यामुळे पैशाच्या हिशेबाने हे व्याज दिसते तितके जबर नव्हते, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातून सुगीतच सहा पायल्या निघून गेल्या, ते घर पुढच्या आषाढात पुन्हा त्याच दारी उभे राही. अशा घरातील बाईस काटकसर शिकविणे व्यर्थ होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली, अशी जी कथा परंपरेने जतन केली आहे, तिची लोकप्रियता आम्हांस या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. धान्य भरून ठेवणारे अधिकारी पुष्कळ झाले असतील. लोकांनी स्मरणात ठेवला तो कोठार उघडणारा.

या जिल्ह्याचा दूरच्या बाजाराशी संबंध फार प्राचीन आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांनी कापड जात असल्याचा उल्लेख आहे. मलमलीसारखा हलका व मोलाचा माल इतक्या लांबचा प्रवास सोसू शकतो. ज्वारीसारख्या वजनदार धान्यास बैलगाडीने तो परवडत नाही. म्हणून दीर्घकाळपर्यंत कापड परदेशी गेले तरी धान्य घरी राहिले, आणि दुष्काळ पडला असता बाहेरचे धान्य येथे सहजी पोहोचू शकले नाही. ही स्थिती आगगाडीने पालटली. १८९७ साली बार्शीची लहान रूळमार्गाची आगगाडी सुरू झाली व १९११ साली ती तेर, ढोकी या भागातून लातूरपर्यंत गेली. तेव्हापासून टंचाईत धान्य येण्याची सोय झाली, तशी ते बाहेर जाण्याचीही झाली. बार्शी इंग्रजी मुलखात व धाराशिव निजामाच्या राज्यात. एकीकडे इंग्रजी रुपया, दुसरीकडे हाली शिक्का, आणि सहा इंग्रजी रुपयांस सुमारे सात हाली रुपये असा दर. ज्या घरातील ज्वारी पूर्वी फक्त शेर-पायलीत मोजली जाई, ती आता दोन राज्यांच्या नाण्यांत मोजली जाऊ लागली. घरच्या धान्यास बाजाराची किंमत चिकटली ती अशी.

दुसऱ्या महायुद्धाने या बदलास नवे वळण दिले. धान्याचे भाव भडकले, बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्याच वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. हैदराबाद संस्थानात शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घेण्याची लेव्ही लागू झाली. हेतू नगरांस व गरिबांस अन्न पुरविण्याचा होता. पण लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर घरचे पेव उपसून सरकारच्या कोठारात भरणे एवढाच त्याचा अर्थ होता. संस्थानच्या मुक्तिलढ्यात लेव्हीविरुद्ध असंतोष धुमसला याचे हे एक कारण होय. तथापि त्या काळी एक तत्त्व रुजले: माणसास धान्य पुरविणे ही राज्याची जबाबदारी आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हेच तत्त्व हक्काच्या रूपात मांडले, दरमहा माणशी पाच किलो धान्य ठरविले, आणि २०२३ पासून ते लाभार्थी कुटुंबांस विनामूल्य मिळू लागले. एकाच्या पेवावर दुसऱ्याचे व्याज वाढत होते त्या काळाशी तुलना केली म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

या तत्त्वाची कसोटी १९७२ च्या दुष्काळात लागली. पेवे रिकामी, विहिरी कोरड्या, आणि बाजारात धान्य असले तरी ते घेण्यास हातात पैसा नाही, अशी दशा मराठवाड्याची झाली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर सुकडी वाटली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने पुढे आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली व १९७७ साली तिचा कायदा झाला. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी महागाईविरुद्ध लाटण्यांचे मोर्चे काढले. दुष्काळी कामावरील बाई मजुरी मागत होती, मुंबईची बाई भाव उतरविण्यास सांगत होती. घरातील तुटीचा हिशेब चार भिंतींबाहेर आणण्याचे काम दोघींनीही केले.

यानंतरचा पालट अधिक शांतपणे झाला, व म्हणूनच तो कमी लक्षात आला. जिल्ह्यातील शेतात ज्वारी, करडई व कडधान्ये मागे पडून सोयाबीन पसरले. त्यास शेतकऱ्याची कारणे होती: पीक लवकर हाती येते व रोख पैसा देते. परंतु घरखर्चाच्या वहीत त्याचा जमाखर्च निराळा दिसतो. ज्वारी भाकरी देई व जनावरांस कडबा देई. करडई घाण्यावर नेली की तेल मिळे, पेंडही मिळे. सोयाबीनचे पीक घरच्या ताटात येत नाही. ते विकून आलेल्या पैशातून ज्वारी, डाळ, तेल व चारा ही चारही विकत घ्यावी लागतात. म्हणजे शेतकरी एकाच वेळी विक्रेता व गिऱ्हाईक होतो, आणि दोन्ही टोकांचे भाव दुसरेच कोणी ठरवितो. २०१५ साली तुरीची डाळ किरकोळ बाजारात किलोस २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा तुरीच्या या मुलखातही ज्यांच्या शेतात तूर नव्हती त्यांस तीच किंमत मोजावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलाचा अर्ध्याहून अधिक भाग बाहेरून येतो; तेव्हा घाणा बंद पडलेल्या गावाचा संबंध आता थेट जावा-सुमात्राशी जडला आहे.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा मोठा. २०१२ हे आधारवर्ष धरून आपल्या देशात ग्रामीण ग्राहकांचा किंमत-निर्देशांक रचला गेला, त्यात अन्न व पेये यांचा भार १०० पैकी ५४ हून अधिक होता. अशा कुटुंबात काटछाट करावयाची तर ती अन्नातच करावी लागते. आणि अन्नात म्हणजे कोणाच्या? पुरुष कामावर जावयाचा म्हणून त्यास आधी, मुले लहान म्हणून त्यांस नंतर, आणि वाढणारीने उरेल ते घ्यावे, ही आपल्या घरांची रीत. डाळ महागली की आमटी पातळ होते. भाकऱ्या कमी पडल्या की एक जण भूक नाही म्हणते. ही बचत कोणत्याही वहीत लिहिली जात नाही, परंतु कित्येक घरांची महागाई याच बचतीवर निभावली आहे. गृहिणीच्या काटकसरीची स्तुती करताना ती कधी कधी तिच्या उपासाची स्तुती असते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

सुदैवाने याच जिल्ह्यात या प्रश्नास एक उत्तर शोधले गेले आहे, व ते स्त्रियांनीच शोधले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व धाराशिव या जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली. पुनर्वसनाच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने स्त्रियांचे गट उभे केले; त्यांतून बचत गट वाढले. पुढे दुष्काळाची साले आली तेव्हा या गटांतील स्त्रियांनी घरच्या माणसांकडे अर्धा किंवा एक एकर जमीन मागितली. अट एवढीच की तेथे काय पेरावयाचे ते त्या ठरवितील. त्यांनी रोकड पिकाऐवजी कमी पाण्यावर येणारी धान्ये, कडधान्ये व भाजीपाला मिसळून लावला. विकतच्या खताऐवजी घरचे खत वापरले. आधी घरास, उरले तर बाजारास, असा क्रम ठेवला. या कार्यास संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक २०१७ साली मिळाले. पारितोषिकापेक्षा आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यामागची कल्पना. ही स्त्री बाजारातून थोडे कमी आणण्याचा प्रयत्न करीत नाही. बाजारातून आणावे लागणारे पदार्थच कमी करते. पेवाचे तत्त्व हेच होते. फरक असा की पेवाची किल्ली कर्त्या पुरुषाकडे असे, आणि या एकरातील पीक ठरविण्याचा अधिकार जी वाढते व शेवटी जेवते तिच्या हाती आला.

ज्यांस जमीनच नाही त्यांस हा एकर कोठून मिळणार, अशी शंका वाचक घेतील व ती रास्त आहे. त्या घरांस स्वस्त वा विनामूल्य धान्य आणि हाताला काम यांवाचून तरणोपाय नाही. म्हणून शिधापत्रिका व रोजगार हमी यांस दान समजणे चूक होय. ज्यांस थोडाबहुत पैसा हाती राहतो त्यांनी सुगीत ज्वारी व डाळ वर्षाची भरावी, एकट्यास न झेपल्यास गटाने मिळून घ्यावी, उन्हाळ्यात सांडगे-पापडाबरोबर भाज्याही वाळवाव्या, हे जुने शहाणपण आजही खोटे ठरलेले नाही. महिन्याच्या हिशेबाची वही अवश्य ठेवावी. मात्र तीत किराण्याच्या रकमांखाली आणखी एक ओळ असावी असे आम्हांस वाटते: या महिन्यात घरात सर्वांत शेवटी कोण जेवले, आणि त्याच्या ताटात काय होते. वहीतील बेरीज जमली असूनही या ओळीचे उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या घरात बचत झाली असे म्हणता येणार नाही.