पेटीतून पाठीवर: लांब लेन्सच्या पिशवीची कुळकथा

लांब टेलिफोटो लेन्ससाठी पिशवी घ्यायची म्हटलं की गिऱ्हाईक आधी अस्तर दाबून बघतं. ते जाड आणि मऊ लागलं की निर्धास्त होतं. या पिशवीची कुळी तपासली तर मात्र वेगळंच दिसतं. तिच्यात झालेला प्रत्येक मोठा बदल अस्तरापेक्षा प्रवासामुळे झाला आहे. छायाचित्रकार गाडीतून उतरून पायी निघाला तेव्हा ती बदलली, बातमीमागे धावू लागला तेव्हा बदलली, डोंगर चढू लागला तेव्हा पुन्हा बदलली. शिवाय या बदलांपैकी निम्मे कॅमेऱ्याच्या धंद्याबाहेरून आले. म्हणून ‘किती संरक्षण मिळेल’ हा प्रश्न दुसरा ठरतो. पहिला प्रश्न असा, की लेन्स कॅमेऱ्याला लावलेली न्यायची की काढून, आणि बाहेर काढायला वेळ किती मिळणार.

सुरुवात अर्थातच पेटीपासून झाली. १८५५ साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर गेले, तेव्हा त्यांच्या सामानात ५ कॅमेरे, ७०० काचा आणि एकूण ३६ पेट्या होत्या. एका वाइन-व्यापाऱ्याची घोडागाडी विकत घेऊन त्यांनी तिची अंधारखोली केली होती. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काच सुकण्याआधीच चित्र घेऊन धुवावं लागे, त्यामुळे प्रयोगशाळाच सोबत न्यावी लागे. अशा कामात पेटीकडून एकच अपेक्षा होती: आतलं फुटू नये. कॅमेरा बाहेर काढून तिवईवर चढवायला दहा मिनिटं लागली तरी बिघडत नव्हतं, कारण समोरचा डोंगर, तंबू किंवा खुर्चीत बसवलेला अधिकारी कुठे जाणार नव्हता.

टेलिफोटो लेन्स मात्र ओझ्याच्या प्रश्नाशी जन्मापासूनच बांधलेली आहे. साध्या रचनेच्या लेन्सची लांबी साधारण तिच्या केंद्रांतराएवढी होते. दूरचं मोठं दिसायला हवं तर नळीही तेवढीच लांब. १८९१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस डालमायर आणि जर्मनीत मीथे व श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे एक युक्ती काढली. पुढच्या बहिर्वक्र भिंगांच्या मागे त्यांनी अंतर्वक्र भिंगांचा गट बसवला आणि केंद्रांतर तेवढंच ठेवून नळी आखूड केली. आज ६०० मिलिमीटरची लेन्स ४५ सेंटिमीटरच्या आत बसते ती याच युक्तीच्या वाटेने. तरीही टेलिफोटोची पिशवी पुढे कित्येक दशकं झाली नाही. लेन्स आखूड झाली, पण ती वापरणारा माणूस अजून पेटीच उघडत होता.

१९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा गळ्यात आला. त्याच्याबरोबर ‘एव्हर-रेडी’ म्हणवली जाणारी चामडी केस रूढ झाली. पुढचं झाकण खाली पाडायचं आणि कॅमेरा केसमध्येच ठेवून फोटो काढायचा, अशी तिची रचना. पण त्या झाकणाचा फुगवटा ५० मिलिमीटरच्या छोट्या लेन्सपुरताच होता. लांब लेन्स वेगळ्या चामडी नळकांड्यात जायची, म्हणजे ‘सदैव तयार’ हा गुण नेमका तिच्या वाट्याला आला नाही. आपल्याकडे या चामड्याने आणखी एक त्रास दिला. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि त्यावर बुरशी धरते; बंद केसमध्ये महिनोन्‌महिने पडलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. कोकण-गोव्याच्या हवेत जुन्या लेन्स यामुळेच हकनाक गेल्या आहेत. आजच्या फोमच्या पिशव्याही ओल धरतात, तेव्हा पिशवी प्रवासापुरती आणि घरी लेन्स कोरड्या कपाटात, हा नियम पाळावाच.

खरी कलाटणी १९७० च्या दशकात मिळाली. इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम यांनी १९७३ मध्ये मासेमारीच्या पिशव्या शिवण्याचा उद्योग सुरू केला. काही वर्षांनी त्यांना कळलं, की न्यूयॉर्कला जाणारा त्यांचा बराच माल गळ टाकणाऱ्यांकडे न जाता छायाचित्रकारांकडे जातो आहे. पाणी न झिरपणारं कापड, एका हाताने उघडणारं झाकण, बाहेर किरकोळ सामानाचे खिसे: नदीकाठी तासन्‌तास ताटकळून एका क्षणात हालचाल करणाऱ्याला जे लागतं, तेच लेन्सवाल्यालाही लागत होतं. त्याच दशकात फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी स्वतःसाठी कॅनव्हासची पिशवी बेतली. तिला जाड अस्तर जवळजवळ नव्हतंच. खांद्याचा पट्टा मात्र पिशवीच्या तळाखालून सलग शिवलेला होता, म्हणजे सगळं वजन शिवणीच्या एका टोकावर न येता पट्ट्यावर यायचं. सहकाऱ्यांनीही ती मागितली आणि त्यातून धंदा उभा राहिला. धावपळीच्या कामातल्या जाणत्या माणसाने अस्तर कमी करून पट्टा मजबूत केला, ही गोष्ट मला या साऱ्या कुळकथेत सर्वांत महत्त्वाची वाटते.

मोठ्या लेन्ससाठी मात्र खांदा पुरत नाही. तिथे गिर्यारोहक कामाला आले. अमेरिकेतल्या ग्रेग लो यांनी १९६७ च्या सुमारास सांगाडा आतच असलेली पाठपिशवी बनवली. तिचं वजन कमरेच्या पट्ट्यावर उतरायचं आणि चढताना ती अंगाला चिकटून राहायची. त्याच घराण्यातून पुढे लोवेप्रोच्या कॅमेरा-पिशव्या आल्या. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याचा व्हेल्क्रो तोवर सर्वत्र पोचला होता. त्यामुळे आतले कप्पे हवे तसे सरकवता येऊ लागले आणि मधला उभा पट्टा मोकळा करून लांब लेन्स कॅमेऱ्यासकट आडवी ठेवता आली. आजची ‘टेलिफोटो बॅकपॅक’ ही अशी कोळ्याच्या पिशवीची आणि गिर्यारोहकाच्या पाठपिशवीची संतती आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की कडक पेटीइतकं संरक्षण कोणतीही मऊ पिशवी देत नाही. ते खरंच आहे. सामान विमानाच्या पोटात किंवा टेम्पोत टाकायचं असेल तर कडक पेटीच हवी. मोठ्या लेन्सबरोबर कंपन्या अशी पेटी देतातही. पण ती वाहतुकीची वस्तू आहे. ताडोब्यात जिप्सीच्या मागच्या सीटवर खटके उघडून, लेन्स काढून, बॉडी जोडेपर्यंत वाघ रस्ता ओलांडून गेलेला असतो, आणि उघड्या माउंटमधून धूळ सेन्सरवर बसलेली असते ती वेगळीच. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: जोडून ठेवल्याने माउंटवर ताण येतो. ताण येतो तो लेन्सला आधार नसताना. लेन्सची नळी कप्प्यात पूर्ण टेकलेली असली, बॉडीवर काही दाबत नसलं आणि उचलताना हात लेन्सच्या पायाला असला, तर अडचण येत नाही. बॉडीची ग्रिप धरून सगळं ओझं उपसण्याची सवय मात्र सोडावी.

विमानाचा मुद्दा सोपा नाही, तिथे आकडेच बोलतात. निकॉनची झेड माउंटवरची ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स ४३.७ सेंटिमीटर लांब आणि ३.२६ किलोची आहे. झेड ९ बॉडी लावली की लांबी सुमारे ५३ सेंटिमीटर आणि वजन ४.६ किलो होतं. आपल्याकडच्या देशांतर्गत विमानांत केबिन बॅगला साधारणपणे ५५ सेंटिमीटर आणि ७ किलोची मर्यादा असते. अस्तराची जाडी धरली तर जोडलेला संच त्या मापात बसतच नाही. तेव्हा विमानापुरती बॉडी काढावी लागते आणि पिशवीही अडीच किलोच्या आतली शोधावी लागते. जाड अस्तराची हौस इथे थेट नडते.

बहुतेकांकडे आज असतात त्या १५०-६०० किंवा १८०-६०० च्या झूम लेन्स. त्या साधारण दोन किलोच्या असतात. झूम करताना न लांबणारी, ३२ सेंटिमीटरची लेन्स बॉडीसकट ४० सेंटिमीटरच्या आसपास भरते, तेव्हा वरून उघडणारी उभी ‘होल्स्टर’ पिशवी पुरते आणि पाठपिशवीपेक्षा लवकर हाताशी येते. पाठपिशवीची खोड अशी, की ती आधी पाठीवरून उतरवून टेकवावी लागते. भिगवणच्या होडीत तळाला पाणी साचलेलं असताना हे भारी पडतं. तिथे जलरोधक तळ आणि मांडीवर उघडता येईल असं झाकण हवं.

म्हणून दुकानात जाताना लेन्स आणि कॅमेरा सोबत न्या. हूड उलटा लावून, दोन्ही जोडून टेपने लांबी मोजा. संच पिशवीत ठेवा, पिशवी पाठीवर घेऊन जिना चढून उतरा आणि मग एका हाताने लेन्स बाहेर काढून पाहा. हे करू न देणाऱ्या दुकानातून पिशवी घेऊ नका.