आडनावाचा देश

आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन एकदा तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात मुक्काम केला होता. ज्यांच्या ओसरीवर उतरलो, त्या वृद्ध गृहस्थांनी माझे आडनाव विचारले आणि ते ऐकताच म्हणाले, ‘‘म्हणजे तुमचे वाडवडील पोर्तुगालचे! मराठी मात्र झकास शिकलात.’’ बोलण्यात कडवटपणा तिळमात्र नव्हता. म्हणूनच मला उत्तर सुचेना.

१५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढे ज्या भूमिपुत्रांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना बहुधा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. आडनाव आले, रक्त नव्हे. संत गोन्सालो गार्सियांचे पिता पोर्तुगीज होते, असे अपवाद आहेतच. पण सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांच्या घरांत आजही एकच कादोडी बोली ऐकू येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज अंमल गेला. आमचे पूर्वज आपापल्या वाडीतच राहिले. जायला त्यांना दुसरा देश होताच कुठे?

बाहेरून आलेले कॅथलिकही पुण्यात होते, पण ते पेशव्यांच्याच पदरी. आपल्या फौजेतील या शिपायांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली. नाना पेठेतील सिटी चर्च ते हेच.

गैरसमजाला आम्हीही खतपाणी घातले, हे मान्य केले पाहिजे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई परिसरातील मूळ ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या धर्मबांधवांहून आपण वेगळे, इथलेच, हे त्यांना दाखवायचे होते. इथलेपण सांगण्यासाठी परक्या कंपनीची आठवण देणारे नाव! आजही काही घरांत पोर्तुगीज पणजोबांची कथा अभिमानाने सांगतात. आधार विचारला की विषय बदलतो. मग २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या निवडीला ते धर्मगुरू म्हणून विरोध झाला, तेव्हा आपल्याला वाईट कशाचे वाटले?

निघताना मी त्या आजोबांशी माझी आजी बोलत असे त्या कादोडीत चार वाक्ये बोललो. त्यांना निम्मी कळली. ते हसले, आणि तुमच्याकडे भाताची लावणी कधी होते, असे विचारू लागले.